एकोणसाठ पौंडांचं गाव

"कर बसवायला खिडक्या मोजून झाल्या, कुत्री मोजून झाली, केसांना लावायची पावडरसुद्धा मोजून झाली. आता म्हणे माणसानं स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्यायचं, वर्षाला किती मिळवतो ते! अहो, एकवीस वर्षं संसार केला, बायकोला कधी सांगितलं नाही मी. आणि राजाला सांगू?"

ओबेडाया क्रंप हे कुणाला उद्देशून बोलत होता असं नाही. डॉर्कस हॅलीवेलच्या कानापासून हातभर अंतरावर, मागच्या गल्लीतल्या उघड्या खिडकीत कोपर टेकून, तो आपल्या काखेतल्या कागदांच्या गठ्ठ्याशी बोलत होता. मेणबत्त्या करणारा माणूस. त्याच्या आधी चरबीचा वास यायचा आणि तो गेल्यावर तासभर मागे रेंगाळायचा. यंदा गावाच्या आकारणीदाराचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, म्हणजे घरोघर कागद वाटायचे, भरून आले की गोळा करायचे आणि दोन्ही वेळेला शिव्या खायच्या.

"कागद पुढच्या दारात द्यायचा असतो, ओबेडाया," डॉर्कस म्हणाली. तिच्या उजव्या डोळ्याला भिंग अडकवलेलं होतं, हातात बारीक कानस होती आणि समोर चिमट्यात धरलेलं शिलिंगएवढं पितळी चाक. तिनं मान वर केली नाही.

"पुढच्या दारात तुमचा भाऊ अँब्रोज आहे. त्याला हे समजावून सांगेपर्यंत माझी चरबी थिजून जायची. म्हटलं तुम्हाला सांगावं, तुम्ही त्याला सांगाल."

"मग सांगा."

"पाच खाती पाडलीत. जमीनजुमला एकात, शेती दुसऱ्यात, सरकारी रोखे तिसऱ्यात, धंदा चौथ्यात, सरकारी नोकऱ्या पाचव्यात. तुमचं चौथं. मागच्या खेपेला सगळं एकाच कागदावर विचारत होते, कुणी खरं लिहिलं नाही. मग तह झाला, कर गेला, आपण चर्चच्या घंटा वाजवल्या. आठवतंय ना? वर्ष लोटलं न लोटलं तोच बोनापार्टशी पुन्हा जुंपली आणि कर परत आला. या वेळी शहाणा होऊन आलाय."

"कर कसा शहाणा होतो?"

"पैसा ज्याच्या हातून सुटतो त्याच्याकडूनच कापून घ्यायचा. तुम्ही दुकानाचं भाडं दिलंत तेव्हा जागेच्या मालकाचा, सर रोलंडचा कर कापून ठेवलात की नाही?"

"बारा पौंडांवर बारा शिलिंग."

"झालं तर! आपल्याच भाडेकरूनं आपलाच कर कापून उरलेलं भाडं हातावर ठेवावं! दोन दिवस घास उतरला नाही म्हणे म्हाताऱ्याच्या घशाखाली." क्रंप खुदकन हसला. "पण धंद्याला ही युक्ती लागू पडत नाही. तिथं माणसाच्या शब्दावरच विसंबावं लागतं." त्यानं आवाज उतरवला. "साठच्या आत कमाई असली की कर माफ. तेव्हा एकोणसाठ लिहा. चांभारानं एकोणसाठ लिहिलेत, न्हाव्यानं एकोणसाठ, मी एकोणसाठ."

"आणि डनिंग? त्याच्या दोन बियरच्या गाड्या आहेत, चार घोडे आहेत."

"त्याचे घोडे फार खातात म्हणाला. एकोणसाठ."

डॉर्कसनं चाकावरचा कीस फुंकला. "कागदावर नाव कुणाचं घालायचं?"

"जो कमावतो त्याचं," क्रंप सहज बोलून गेला. मग त्याची नजर तिच्या हातातल्या कानशीवर आली आणि तिथून चटकन भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. "म्हणजे... अँब्रोजचं," तो म्हणाला. त्यानं कागद खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि चरबीचा वास मागे ठेवून तो गेला.

हॅथरविक गावात ही नजर वळवायची रीत सात वर्षं चालू होती.

सात वर्षांपूर्वी सरकारनं घड्याळांवर कर बसवला होता. खिशातलं घड्याळ असो की भिंतीवरचं, दर घड्याळाला वर्षाला इतके शिलिंग. लोकांनी घड्याळं पेटीत लपवली, विकली, आणि नवं घ्यायचं तर नावच काढेना कुणी. नऊ महिन्यांनी सरकारला चूक कळली आणि कर उठला, पण तोवर अँब्रोज हॅलीवेलच्या दुकानात अकरा अर्धवट घड्याळं धूळ खात पडली होती, दोन्ही कारागीर निघून गेले होते आणि अँब्रोजचे हात थरथर कापायला लागले होते. हात आधी कापायला लागले की जिनची दारू आधी सुरू झाली, हे कुणी विचारलं नाही. डॉर्कसनंही विचारलं नाही. तिनं पडद्यामागच्या टेबलावरची धूळ पुसली, घड्याळं करणाऱ्या वडिलांना लहानपणापासून जे करताना पाहिलं होतं ते आठवलं आणि अकरातलं पहिलं घड्याळ पुरं केलं. मग दुसरं. अकरावं पुरं झालं तेव्हा पहिल्याहून ते चांगलं चालत होतं, आणि हे तिला एकटीलाच माहीत होतं.

तेव्हापासून असं चाललं होतं. गिऱ्हाईक पुढच्या दारानं यायचं, बिघडलेलं घड्याळ अँब्रोजच्या हातात द्यायचं. अँब्रोज ते कानाशी धरायचा, भुवया आक्रसायचा, "बघतो" म्हणायचा आणि पडद्यामागे नेऊन ठेवायचा. दोन दिवसांनी तेच घड्याळ चालू होऊन बाहेर यायचं. "जमलं बुवा तुम्हाला," गिऱ्हाईक म्हणायचं. "थोडा त्रास दिला त्यानं," अँब्रोज म्हणायचा. मागच्या गल्लीनं घरी जाताना तेच गिऱ्हाईक खिडकीत बसलेल्या डॉर्कसला टोपी काढून नमस्कार करायचं. त्या भिंतीतल्या बाकीच्या दोन खिडक्या खिडक्यांचा कर वाचवायला विटांनी बुजवल्या होत्या. उजेड त्या एकाच खिडकीतून यायचा, म्हणून ती तिथं बसायची, आणि म्हणूनच सगळ्या गल्लीला दिसायची. सगळे बघत आणि कुणीही बघितलेलं नसे.

दर नव्या घड्याळाच्या तबकडीवर ती काळ्या रंगानं शेवटी नाव काढायची: अँब्रोज हॅलीवेल, हॅथरविक. शेवटच्या अक्षराला वडील काढायचे तसा बारीक फाटा.

याचं तिला काही वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पण अँब्रोज तिला आईनंतर उरलेला एकटाच होता. तो सोमवारी सर रोलंडच्या हवेलीत जाऊन तिथल्या नऊ घड्याळांना किल्ली द्यायचा, किल्ली तेवढी त्याला देता यायची, आणि त्या दिवशी तो स्वच्छ कॉलर घालून जायचा. त्या कॉलरला ती रविवारीच इस्त्री करून ठेवायची.

क्रंपचा कागद आला त्याच आठवड्यात टोबायस डनिंग चार हात लांब काठी घेऊन दुकान मोजताना तिला सापडला. बियर गाळणारा डनिंग, घोडे फार खाणारा. तो पडद्याच्या आत आला होता आणि तिच्या टेबलापासून भिंतीपर्यंत काठी टाकत होता.

"काय मोजताय?"

"काही नाही. सहज." त्यानं काठी पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. काठी त्याच्या डोक्याहून उंच होती. "पिंपं किती बसतील ते बघत होतो. म्हणजे, बसवायची झाली तर. अँब्रोज बोलला असेल ना तुम्हाला?"

अँब्रोज बोलला नव्हता. संध्याकाळी ती वाटाण्याची उसळ आणि ब्रेड पुढ्यात ठेवून त्याच्यासमोर बसली.

"डनिंग किती देतोय?"

अँब्रोजचा चमचा ताटलीवर टकटक वाजायला लागला. त्यानं तो खाली ठेवला. "चाळीस पौंड पागडी. सप्टेंबरअखेर भाडेपट्टा संपतोय. नवा माझ्या नावावर झाला की मी तो त्याला देणार."

"आणि मी?"

"लडलो गावी, आपल्या लांबच्या नात्यातल्या प्रुडन्सकडे. तिला सोबत हवीच आहे. कोंबड्या आहेत तिच्याकडे."

"कोंबड्या."

"डॉर्कस, मी थकलोय गं. रोज त्या काउंटरमागे उभं राहायचं, आणि..."

"माझं टेबल?"

"लाकूड चांगलं आहे. डनिंग घेईल म्हणाला."

डॉर्कसनं ताटल्या उचलल्या. त्या धुतल्या, पुसल्या, फळीवर लावल्या. हवेलीला भाडं द्यायला ती गेली होती तेव्हा सर रोलंडनी कापलेल्या करावरून आधी आदळआपट केली होती आणि मग जाता जाता म्हणाले होते, "नवा पट्टा ज्याचा धंदा त्याच्या नावावर करीन. रिकाम्या माणसाच्या हाती माझी जागा नको." तेव्हा तिला ते वाक्य ऐकून बरं वाटलं होतं. आता तिला कळलं की त्या वाक्यात सगळं होतं. ज्याचा धंदा.

तिनं हात कोरडे केले, क्रंपचा कागद टेबलावर पसरला आणि आपली वही काढली. सात वर्षांच्या वह्या होत्या तिच्याकडे. किती पितळ आणलं, किती कमानी मोडल्या, कुणाचा लंबक सरळ केला, कुणी पैसे दिले, कुणी बदक दिलं. गेल्या तीन वर्षांची सरासरी काढायला सांगितली होती. तिनं दोनदा काढली. चौसष्ट पौंड.

एकोणसाठ लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पौंडाला तीन पेनीप्रमाणे सोळा शिलिंग वाचले असते, सोळा शिलिंगांत हिवाळ्याचे कोळसे येतात. पण डॉर्कसला वाटलं, सात वर्षं नाव खोटं लिहिलं. आता नाव खरं लिहायचं आणि त्याच्याशेजारी आकडा खोटा, हे बरं दिसायचं नाही. तिनं तबकडीवर काढते तशाच अक्षरांत लिहिलं: डॉर्कस हॅलीवेल, घड्याळं करणारी. चौसष्ट.

दुसऱ्या दिवशी क्रंप पुन्हा मागच्या खिडकीत आला. या वेळी बायकोलाही घेऊन आला होता.

"डॉर्कसबाई, हे काय केलंत तुम्ही? एका ओळीत दोन संकटं!"

"कुठली दोन?"

"नाव एक. आणि हे चौसष्ट! सगळा गाव एकोणसाठवर गप्प बसलाय आणि एका घड्याळवालीला चौसष्ट? वरचा तपासनीस काय आंधळा आहे? तो म्हणेल, घड्याळांत चौसष्ट मिळतात तर मेणबत्त्यांत किती?"

"मेणबत्त्यांत किती मिळतात?"

"तो प्रश्न नाही," क्रंप म्हणाला.

"अगं, ऐक माझं," मेहेटाबेल क्रंप पुढे झाली. जाड, प्रेमळ बाई, गावातल्या प्रत्येक बाळंतपणाला हजर. "भावाबहिणीतलं भावाबहिणीत राहू दे. उद्या लोक काय म्हणतील? अँब्रोजला तोंड दाखवायला जागा राहील का? बाईच्या हातचं घड्याळ म्हटल्यावर कोण घेणार ते?"

"तुझ्या भिंतीवरचं कोण करून गेलंय, मेहेटाबेल?"

मेहेटाबेलनं नजर वळवली. गल्लीत एक मांजर जात होतं, तिनं त्याच्याकडे बघितलं.

"तरुण असतीस तर म्हटलं असतं लग्न कर आणि मोकळी हो," ती म्हणाली. "मग नवऱ्याच्याच कागदात तुझी कमाई गेली असती, प्रश्नच मिटला असता."

"त्रेचाळीस वर्षांची झालेय मी, तो प्रश्न माझा मीच मिटवलाय. कागद घ्या, ओबेडाया. भरलेला कागद तुम्हाला परत देता येत नाही, पाठीमागे छापलंय. वाचलंय मी."

क्रंपनं कागद घेतला. पण क्रंप भला माणूस होता आणि भल्या माणसांच्या हातून होते तशीच चूक त्याच्या हातून झाली. गावाचं आणि अँब्रोजचं रक्षण करावं म्हणून त्यानं त्याच दुपारी अँब्रोजला काळा हंस नावाच्या खाणावळीत गाठलं, बियर पाजली आणि त्याच्याकडून दुसरा कागद भरून घेतला. अँब्रोज हॅलीवेल, घड्याळं करणारा, एकोणसाठ. दोन्ही कागद एकाच पुडक्यातून वर गेले. मोठ्या आकड्याचा कागद तपासनीस बाजूला टाकेल आणि छोट्याचा ठेवेल, असा क्रंपचा हिशोब होता. मेणबत्त्यांत तो हिशोब चालतो.

सरकारी तपासनीस रेंडल नावाचा होता. श्रूजबरीहून घोड्यावरून यायचा, कायम सर्दी झालेला. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्याला दिसलं ते हे की एकाच दुकानातली कमाई भावानं आणि बहिणीनं वाटून घेतली आहे, निदान अर्धा भाग साठच्या खाली बसवायला. त्यानं बेरीज केली. अँब्रोज हॅलीवेल, एकशे तेवीस पौंड. इतक्या कमाईला दर चढा, पौंडाला नऊ पेनी. चार पौंड, बारा शिलिंग, तीन पेनी. मान्य नसेल तर कमिशनरांपुढे हजर राहावं.

अँब्रोज तो कागद घेऊन पडद्याच्या आत आला. त्याच्या हातात कागद फडफडत होता.

"बघ काय केलंस!"

"मी एकच कागद लिहिला," डॉर्कस म्हणाली. "दुसरा कुणी लिहिला?"

तो स्टुलावर बसला. पडद्याच्या आत तो बसला त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. टेबलावर एका म्हातारीचं खिशातलं घड्याळ उघडं पडलं होतं. त्यानं त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"जाऊन सांगू या की चूक झाली," तो म्हणाला. "एकोणसाठ, माझ्या नावावर. तूही हो म्हण. मग ते सोडतील."

"मी हो म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार आहेस?"

"विचारतील ते. तू सांग."

"नेहमी तू सांगतेस मला, काय बोलायचं ते."

"हो," डॉर्कस म्हणाली. "या वेळी नाही सांगणार."

कमिशनर काळ्या हंसाच्या माडीवर बसायचे. तीन जण होते. सर रोलंड थ्रेल मधे, डावीकडे पाद्री व्हिटलो, उजवीकडे आरमारातून निवृत्त झालेले एक कॅप्टन, ज्यांना ऐकू कमी यायचं. तिघांनीही लोकांची कमाई कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती. डॉर्कस जिना चढता चढता त्या शपथेचाच विचार करत होती. जिभेनं शपथ घेतली होती. कानांनी जे ऐकायचं ते ऐकणारच होते, आणि सर रोलंडचे कान भाडेपट्ट्यावर सही करणाऱ्याच डोक्याला लावलेले होते.

टेबलाच्या टोकाला रेंडल रुमाल घेऊन बसला होता. क्रंप भिंतीला टेकून उभा होता. भिंतीवर अँब्रोज हॅलीवेलचं घड्याळ टिकटिकत होतं. अकरातलं चौथं, दर आठवड्याला अर्धा मिनिट पुढे जाणारं. डॉर्कसला ते काढून नीट करायची केव्हापासून इच्छा होती.

"बसा, मिस हॅलीवेल," पाद्री म्हणाले. "ही काही कोर्टकचेरी नाही. शेजारीशेजारी बसून मिटवायची गोष्ट आहे. एक घर, एक चूल. भावाच्या नावावर एकोणसाठ लिहू या आणि खालून चहा मागवू या. कसं?"

"उत्तम," सर रोलंड म्हणाले आणि त्यांनी लेखणी दौतीत बुडवली.

"मला चालणार नाही," रेंडल शिंकून म्हणाला. "माफ करा. या गावात सदतीस धंदेवाले आहेत आणि सदतीसच्या सदतीस जणांना वर्षाला एकोणसाठ पौंड मिळतात. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकी समता मी पाहिली नाही. फक्त एका कागदावर वेगळा आकडा आहे, आणि तो कागद तुम्ही फाडायला निघालात."

क्रंप छताकडे बघायला लागला.

"काय म्हणाला?" कॅप्टननी विचारलं.

"आकडा म्हणाला," सर रोलंड त्यांच्या कानात ओरडले.

रेंडल अँब्रोजकडे वळला. "मिस्टर हॅलीवेल, मला फार काही नको. गेल्या वर्षी तुम्ही नवी घड्याळं किती केलीत?"

अँब्रोजनं डॉर्कसकडे बघितलं. सात वर्षांत असा प्रश्न आला की पडद्याच्या मागून खोकल्याचा आवाज यायचा, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तो तेवढं उत्तर द्यायचा. डॉर्कसच्या घशात खोकला आला. तिनं तो गिळला. तिचे हात मांडीवरच्या वहीवर होते आणि वही बंद होती.

"पाच-सहा," अँब्रोज म्हणाला.

"पाच की सहा?"

"पाच. सहा."

"पितळ कुठून आणता?"

"ते... येतं. बर्मिंगहॅमहून."

"काय भावानं?"

खाली अंगणात कुणीतरी पिंप गडगडवत नेत होतं. डनिंगचं असणार.

"रेंडल, माणसाला छळू नका," सर रोलंड म्हणाले. त्यांचा आवाज जरा नरमला होता. दर सोमवारी स्वच्छ कॉलर घालून येणाऱ्या या माणसाला ते वीस वर्षं ओळखत होते. भाड्यातून शिलिंगापर्यंत अचूक कापलेला कर कुणाच्या अक्षरात लिहून आला होता हेही त्यांना माहीत होतं, आणि आत्ता ते त्यांना माहीत नसल्यासारखे खिडकीबाहेर बघत होते.

"मी छळत नाही, साहेब. कायदा म्हणतो, ज्याची कमाई त्याच्यावर कर. पॅंट की घागरा, ते कायद्यात लिहिलेलं नाही. या दुकानात कमावतं कोण, एवढंच मला हवंय. मिस हॅलीवेल, तुम्ही सांगता?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. डॉर्कसला वाटलं, आता वही उघडावी. एक पान उलटलं की झालं. पण तिला हेही दिसत होतं की ती बोलली तर ते बहिणीचं गाऱ्हाणं होईल. पाद्री मान हलवतील, सर रोलंड लेखणी ठेवतील, मेहेटाबेल म्हणेल, बघा, भावाला उघडं पाडलं. आणि ते खरंही असेल.

"मला जे सांगायचं ते कागदावर लिहिलंय," ती म्हणाली. "चौसष्ट. सोळा शिलिंग मी सोबत आणलेत." तिनं ते रुमालात बांधून आणले होते. तिनं गाठ सोडली आणि शिलिंग टेबलावर एकावर एक रचले. घड्याळाचे भाग ठेवावे तसे, किनार किनारीला लावून. "माझ्या नावावर घ्या, किंवा घेऊ नका. दुसऱ्या कुणाच्या नावावर मात्र मी ते देणार नाही."

कुणी शिलिंगांना हात लावला नाही.

"मग एकच उरलं," रेंडल म्हणाला. त्यानं बायबल अँब्रोजच्या पुढ्यात सरकवलं. "हात ठेवा आणि शपथेवर सांगा की हा धंदा आणि त्याची कमाई तुमची आहे. मी एकोणसाठ मान्य करतो आणि घोड्यावर बसतो. मला पाऊस लागायच्या आत पोहोचायचंय."

हे सोपं होतं. इतकं सोपं की क्रंपनं सुटकेचा श्वास सोडला, आणि सर रोलंडची लेखणी पुन्हा वर आली. डॉर्कसला मात्र टेबल दिसलं, तिचं, आणि त्यावर चढवून ठेवलेली पिंपं. तिला प्रुडन्सच्या कोंबड्या दिसल्या. तरी तिनं तोंड उघडलं नाही. अँब्रोज खोटी शपथ घेईल की नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि चाळीस वर्षं एका घरात राहून ते माहीत नसावं याचं तिला नवल वाटलं.

अँब्रोजनं उजवा हात मांडीखालून काढला आणि पुस्तकावर ठेवला.

हात कापत होता. पुस्तकाचं कातडी कव्हर त्याच्या बोटांखाली बारीक वाजायला लागलं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं. त्यानं डावा हात उजव्यावर दाबला. आता दोन्ही कापायला लागले आणि पुस्तकही टेबलावर सरकलं.

खोलीतल्या सगळ्यांनी रीतीप्रमाणे नजरा वळवल्या. पाद्रींनी आपल्या नखांकडे बघितलं. क्रंपची नजर छताकडे गेली. सर रोलंडची खिडकीकडे. कॅप्टनना ऐकू येत नसलं तरी दिसत होतं, आणि त्यांनीही टोपी हातात घेऊन तिचं अस्तर तपासलं. रेंडल परका होता, त्याला रीत माहीत नव्हती, तो त्या हातांकडे सरळ बघत राहिला.

डॉर्कसही बघत राहिली. सात वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते हात सावकाश, डोळे भरून बघितले. वडिलांचे होते तसेच हात होते. रुंद नखं, अंगठ्यावर लहानपणी कानशीनं केलेला पांढरा वण. ती कानस तिनंच त्याच्या हातातून हिसकावली होती, खेळताना.

अँब्रोजनं मान वर केली. त्याला सगळ्यांच्या वळलेल्या माना दिसल्या, एकेक करून, आणि मग बहिणीचे डोळे दिसले. भिंतीवरचं घड्याळ अर्धा मिनिट आधीच तीनचे ठोके द्यायला लागलं. ते संपेपर्यंत तो थांबला. मग त्यानं पुस्तकावरचे हात काढले नाहीत, लपवलेही नाहीत.

"या हातांनी सात वर्षांत एक खिळासुद्धा बसवलेला नाही," तो म्हणाला. "ते भिंतीवरचं तिनं केलंय. तुमच्या हवेलीतली तिनं केलीत, सर रोलंड. ओबेडाया, तुझं तिनं केलंय. सगळी तिनं केलीत, आणि तुम्हा सगळ्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे."